स्क्रूवरचा ठिपका

१

"मावशी, मुलांनी माझं नाव बदललं," भाची म्हणाली आणि तिने माझ्या कामाच्या टेबलावर एक खोकं ठेवलं.

नावाचं आधी सांगायला हवं. ती ज्या शाळेत लागली आहे तिथल्या मुलांना ऐकू येत नाही. ती हातांनी बोलतात आणि शाळेत वावरणाऱ्या प्रत्येक माणसाला आपली आपण एक खूण देतात. तेच त्याचं नाव. ते मागून मिळत नाही, मुलांना वाटेल तेव्हा मिळतं. भाचीला मिळायला दोन महिने लागले. तिला चष्मा बोटाच्या पेराने वर सरकवायची सवय आहे, म्हणून नाकावर पेर टेकवलं की ती. ते नाव मिळालं त्या दिवशी तिने मला इतक्या वेळा फोन केला की माझी एक लेन्स चुकीच्या जागी बसली.

"आता काय म्हणतात?"

तिने डावा तळहात पुढे धरला, त्यावर उजवा पालथा ठेवला आणि झाकण उघडावं तसा वर उचलला. "रिकामं खोकं."

तिच्यामागून ताई आली, म्हणजे माझी थोरली बहीण आणि हिची आई. माझ्याकडच्या एकुलत्या एका खुर्चीत ती बसली, मांडीवर बॅग घेतली, एका कप्प्यातून चष्मा काढला, दुसऱ्यातून गोळ्यांची डबी आणि तिसऱ्यातून पाण्याची बाटली. ताईच्या वस्तू जागच्या जागी मिळताना मी जन्मात प्रथमच पाहत होते. पण तेव्हा माझं लक्ष खोक्याकडे होतं.

हकिगत अशी. शाळेतले एक वयस्कर सर महिनाअखेरीला निवृत्त होणार. त्यांच्याइतके हात कुणाचेच चांगले बोलत नाहीत. जाण्याआधी त्यांचे चाळीस धडे चित्रित करून ठेवायचं ठरलं, कारण या मुलांसाठी तेच पुस्तक. व्हिडिओ कॅमेरा आणायला भाचीला पाठवलं. तिने मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या दुकानातून तो घेतला, सीलबंद खोकं थेट शाळेत नेलं आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सगळ्यांसमोर सील फोडलं. आत जुना कॅमेरा निघाला. वरवर चकचकीत, पण गळ्यात अडकवायच्या पट्ट्याची कडी झिजून पांढरी पडलेली.

दुकान म्हणतं, आम्ही नवाच दिला. मग मधे कोण होतं? भाची. आणि नोकरी अजून कच्ची.

"मोठ्या बाई चोर म्हणाल्या नाहीत," भाची म्हणाली. "परवा सकाळी विश्वस्तांची बैठक आहे, तोवर काय ते सांग, एवढंच म्हणाल्या."

"दुकानातून शाळेपर्यंत खोकं क्षणभर तरी नजरेआड झालं?"

"नाही," ती म्हणाली. मला जरा जास्तच पटकन वाटलं. ताई बॅगेत काहीतरी शोधू लागली.

मी दोघींना चहा करायला आत पिटाळलं, दिवा खाली ओढला आणि कॅमेऱ्याचं मागचं झाकण काढलं. आत सहा बारीक स्क्रू असतात. सहाही जागेवर होते. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका होता.

तो ठिपका माझा होता.

२

एकतीस वर्षं मी कॅमेरे दुरुस्त करते. कॅमेरा हिंदकळतो, स्क्रू सैल होतात. त्यावर नेलपॉलिशचा थेंब दिला की स्क्रू हलत नाही, आणि नंतर कुणी उघडलाच तर थेंब तडकतो आणि चोरी कळते. बाजारात माझं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. मी 'ठिपकेवाली', नाहीतर सरळ 'लाल ठिपका'. एकतीस वर्षं माझा रंग लाल.

हे ठिपके मात्र जांभळे होते.

त्याचं कारण ताई. दोन वर्षांपूर्वी माझी लाल बाटली फरशीवर पडून फुटली. ताईने कुठल्याशा लग्नासाठी जांभळी घेतली होती, पण तो रंग लावला की तिची बोटं दारात चेंगरल्यासारखी दिसत, म्हणून बाटली माझ्या गळ्यात मारली. वाया कशाला घालवा म्हणून ती सुकेपर्यंत दोनेक महिने वापरली. नंतर पुन्हा लाल. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय आहे?

भिंग लावलं. सहातले चार ठिपके माझेच, मळकट आणि जुने. उरलेले दोन ताजे. रंग अगदी तसाच, पण त्यांत चमकी होती.

कॅमेऱ्याच्या पोटात मी चमकी कधी घालणार नाही. कण सुटून काचेवर बसला की चित्राचा सत्यानाश. म्हणजे माझ्यानंतर कुणीतरी हे दोनच स्क्रू काढले होते आणि तुटलेले ठिपके पुन्हा रंगवून ठेवले होते. याच दोन स्क्रूंखाली एक छोटी पाटी असते. कॅमेरा एकूण किती तास चालला ते ती लक्षात ठेवते. मी कॅमेरा सुरू करून पाहिलं. चाललेले तास, तीन. तीन तासांत लोखंडी कडी झिजवायची तर कॅमेरा कानशीने घासत बसावं लागेल.

मी खुशीत आले. एवढ्यात भाचीचा फोन वाजला. मोठ्या बाई होत्या. मी तो घेतला आणि त्यांना सांगून टाकलं की कॅमेरा जुनाच आहे, तास मागे फिरवलेत आणि पूर्वी कधीतरी तो माझ्या हातून गेलाय, आत माझी खूण आहे.

मग त्या म्हणाल्या, "एक मिनिट," आणि त्यांनी दुकानाच्या मालकाला त्याच फोनवर जोडून घेतलं. सरळ बाई, पाठीमागे बोलणं त्यांच्यात नाही. "दुरुस्तीवाल्या बाई आहेत, आमच्या मुलीच्या मावशी," त्या त्याला म्हणाल्या. "कॅमेऱ्याच्या आत त्यांना त्यांचीच खूण सापडली आहे."

"असं होय," मालक म्हणाला. त्याच्या आवाजात एकदम तरतरी आली. "मग बोलायलाच नको. बाई, जुना कॅमेरा ज्यांच्या दुकानातला, मुलगी त्यांचीच भाची ना?"

भाचीची बाजू मांडायला गेले आणि तिच्याच विरुद्ध पहिला पुरावा देऊन बसले. सुदैवाने रंगाचं आणि चमकीचं बोलायचं राहून गेलं होतं. ते तसंच राहू द्यायचं मी ठरवलं.

"परवा बैठकीला मीही येतो," मालक म्हणत होता. "दुकानाच्या नावाचा प्रश्न आहे."

त्याच्या दुकानाला नाव होतं. माझ्या भाचीला उरलं नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच मी गिऱ्हाईक म्हणून आत शिरले.

काउंटरवरच्या विक्रेत्याचं नाव मी मनात 'मधाळ' ठेवलं. "ताई, घेऊ नका, नुसता हातात धरून बघा," असं म्हणत त्याने त्याच मॉडेलचा कॅमेरा पुढे केला. हा मात्र खरोखर नवा होता. कडीचा रंग कोवळा, लेन्स स्वच्छ. किंमत इतर दुकानांपेक्षा बरीच कमी. एकच गोष्ट खटकली. पडद्यावर कंपनीने चिकटवलेला पातळ कागद होता आणि त्याचा एक कोपरा उचलून उचलून मऊ पडला होता. नव्या वस्तूचा कागद एकदा निघतो. हा बऱ्याचदा निघून पुन्हा बसला होता.

"आवडला ना?" मधाळ म्हणाला. "आता तुम्ही त्या भिंतीवरची एक बॅग निवडा, आमच्याकडून भेट. तोवर मी वॉरंटीचा शिक्का मारून, पॅक करून आणतो."

भिंतीवर आठ-दहा बॅगा टांगलेल्या होत्या. जाड अस्तराच्या, आत तीन कप्पे. चष्म्याला एक, गोळ्यांना एक, पाण्याला एक.

मी ताईचा आणि तिच्या लेकीचा मनातल्या मनात उद्धार केला, 'विचार करून सांगते' म्हणाले आणि मालकाची गाठ मागितली.

मालक काचेच्या खोलीत बसला होता. मी कोण ते सांगितलं तरी त्याची मान लवायची थांबली नाही. त्याने किल्ल्यांचा भला मोठा जुडगा टेबलावर ठेवला आणि मला खुर्ची दिली. ओळखू याव्यात म्हणून काही किल्ल्यांच्या डोक्यांवर रंगीत ठिपके दिले होते. ठिपके देणारं माणूस मला एरवी आपलंसं वाटतं.

"बाई, खोकं कंपनीतून सीलबंद येतं आणि सीलबंद जातं," तो म्हणाला. "कॅमेऱ्याच्या आत काय असतं ते मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. स्क्रूड्रायव्हर तुमच्या हातात असतो, माझ्या नाही."

"तुमच्या माणसांपैकी कुणाच्या?"

"घरच्यांसारखी माणसं आहेत. पण माणूस आहे, कुणाचं काय सांगावं," तो म्हणाला आणि गोदामाच्या दाराकडे ओझरतं पाहिलं. ते पाहणं मला दिसावं अशा बेताने त्याने पाहिलं होतं.

गोदाम सांभाळणारी बाई चाळिशीची, कपाळाला कायमची आठी. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तिचं उत्तर "मालकांना विचारा" हेच होतं. सील कोण लावतं? मालकांना विचारा. एक्स्चेंजमधे आलेले जुने कॅमेरे कुठे जातात? मालकांना विचारा. मग तिने मला वाट करून द्यायला खोकी बाजूला सरकवली आणि प्रथमच तिचे हात उजेडात आले.

तिच्या दहाही नखांवर जांभळी चमकी होती.

४

"छान रंग आहे," मी म्हणाले.

"इथलीच बाटली आहे. फुकटची," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

बाहेर भाची थांबली होती. मी तिला कोपऱ्यावरच्या बाकावर बसवलं आणि एकच विचारलं. "आईची बॅग कुठली?"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. चष्मा वर सरकवायलासुद्धा हात उठला नाही. "शाळेचा नियम आहे, मावशी. दुकानदाराकडून भेट घ्यायची नाही. पण तो म्हणाला, सगळ्यांनाच देतो. आईचं सामान सारखं हरवतं, म्हणून मी... रंग निवडायला पाचेक मिनिटं लागली असतील. परत आले तर खोकं पॅक झालेलं होतं, सीलसकट. मला मदतच वाटली."

"आणि मोठ्या बाईंना सांगितलंस की खोकं नजरेआड झालंच नाही."

"बॅगेचं निघालं असतं ना. आणि एकदा बोलल्यावर बदलायचं कसं?"

मला राग आला आणि तिची दयाही आली. पाच मिनिटांच्या बॅगेपायी पोरगी नाव घालवून बसली होती. कॅमेरा घ्यायला निघालेल्या शंभर जणांना मी आजवर कानीकपाळी ओरडून सांगितलं असेल, की हातात धरून तपासलेला कॅमेरा दुकानदाराला पुन्हा आत नेऊ देऊ नका, खोक्यावरचा नंबर आणि अंगावरचा नंबर ताडून पाहा, किंमत फारच गोड वाटली तर थांबा, आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूकडे पाठ करा. घरच्याच मुलीला सांगायचं राहिलं.

"उद्या बैठकीत हे तुझ्या तोंडाने सांगायचं," मी म्हणाले. "मी सांगणार नाही."

मी घरी आले आणि जांभळ्या बाटलीचे ते दोन महिने आठवायला बसले. त्या दिवसांत असा व्हिडिओ कॅमेरा माझ्याकडे एकच आला होता. लग्नांचं चित्रीकरण करणारा एक माणूस आहे, त्याला सगळे 'लग्नवाला' म्हणतात. वराच्या काकांनी त्याचा कॅमेरा सरबतात बुडवला होता. फोन केला.

"तो कॅमेरा?" लग्नवाला म्हणाला. "मागच्या वर्षी दिला की. जुना द्या, नवा घ्या अशी योजना होती, मोठ्या रस्त्यावर, काचेचं दुकान. पावती आहे माझ्याकडे, त्यावर नंबरही आहे. का हो?"

मी आतल्या पाटीवर कोरलेला नंबर वाचला. त्याने पावतीवरचा वाचला. एकच होता. कॅमेऱ्याच्या तळाला चिकटवलेली नंबराची पट्टी तेवढी निराळी.

"आणि ऐका," लग्नवाला म्हणाला, "त्यांनी दिलेला तो नवा दोन महिन्यांत बंद पडला बघा."

दुकान पक्कं झालं. पण दुकान म्हणजे तीन माणसं, आणि मालक हुशार होता. नखं दाखवली की तो बाईकडे बोट करणार, आपण हळहळणार, तिला काढून टाकणार आणि पुन्हा काउंटर उघडणार. ती बाई मला गुन्हेगार वाटेना. ज्या रंगाने लपवाछपवी केली तोच रंग दहा बोटांवर मिरवणारं माणूस एकतर फार धूर्त असतं, नाहीतर त्याला काहीच ठाऊक नसतं. आणि तिची आठी धूर्त माणसाची नव्हती.

मला कुणाचीतरी जीभ घसरायला हवी होती.

५

शाळेच्या सभागृहात एक मोठा पडदा आहे. सर पुढे उभे राहतात, त्यांचे हात कॅमेऱ्यातून पडद्यावर मोठे दिसतात आणि शेवटच्या रांगेतल्या मुलालाही धडा कळतो. मी मोठ्या बाईंना विनंती केली की बैठक तिथे घ्यावी आणि हाच कॅमेरा चालू ठेवावा. "हवा तर पुरावा म्हणून," मी म्हणाले. त्यांना ते पटलं. तिन्ही विश्वस्त, मालक, त्याने सोबत आणलेले मधाळ आणि गोदामातली बाई, ताई, मी, आणि कॅमेऱ्यामागे भाची. दाराच्या काचेला बाहेरून वीसेक नाकं चिकटलेली होती. त्यांना ऐकू येणार नव्हतं, पण दिसणार सगळं होतं.

भाचीनेच सुरुवात केली. कॅमेरा तिवईवर सोडून ती पुढे आली. "मी खोटं बोलले," ती म्हणाली. "खोकं पाच मिनिटं नजरेआड झालं होतं. दुकानाने बॅग दिली, ती मी घेतली. ती आईकडे आहे." बोलता बोलता तिचे हातही तेच सांगत होते. काचेपलीकडच्या मुलांसाठी. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मोठ्या बाईंच्या कपाळावर आठी पडली. मालकाने हळूच सुस्कारा सोडला.

"पाहिलंत?" तो म्हणाला. "एक खोटं निघालं. सगळ्यांना वाईट वाटतंय, मलाही वाटतंय."

"मलाही," मी म्हणाले. "म्हणून नीट समजून घेते. तुमच्याकडे कॅमेरे कोण उघडतं?"

"कुणीच नाही. सांगितलं ना, आतला स्क्रू मी आजवर पाहिलेला नाही."

"मग हा जुना कॅमेरा तुमच्या दुकानातला नाहीच म्हणता?"

"अहो, कसा असेल? तुम्हीच फोनवर कबूल केलंत," तो विश्वस्तांकडे वळला. आता त्याला सूर लागला होता. "आख्ख्या बाजाराला विचारा. कॅमेऱ्याच्या आत स्क्रूवर जांभळा ठिपका दिसला की समजायचं, या बाईंच्या हातचं काम. त्यांच्या दुकानातला कॅमेरा, त्यांचीच भाची. मी आणखी काय बोलू?"

"काही नको," मी म्हणाले. "पुष्कळ झालं."

मी मधाळकडे वळले. "बाजारात मला काय म्हणतात?"

तो गोंधळला. "लाल ठिपका."

"का?"

"तुम्ही लाल ठिपका देता म्हणून. सगळ्यांना माहितेय."

मी लग्नवाल्याला फोन लावून माझ्या ठिपक्याचा रंग विचारला. फोनचा आवाज सभागृहभर गेला. "लाल की. का हो, बदलला का?"

"एकतीस वर्षांत फक्त दोन महिने मी जांभळा वापरला," मी विश्वस्तांना सांगितलं. "त्यातला असा एकच कॅमेरा, तो हा. मोठ्या बाई फोनवर यांना 'खूण' म्हणाल्या. रंग त्यांना मी सांगितलाच नव्हता. यांना जांभळा कसा कळला? उघडून पाहिल्याशिवाय कळायचा नाही. हा कॅमेरा लग्नवाल्याने यांच्याकडे दिला, त्याने पाठवलेली ही पावती, हा आतला नंबर. तास मागे फिरवायला यांनी दोन स्क्रू काढले. तिथले जांभळे ठिपके तडकले. मी ठिपके देते हे यांच्या गावीही नव्हतं, त्यामुळे हे जांभळे माझे असतील अशी शंकाही यांना आली नाही. यांना वाटलं, कंपनीचेच असणार. तेव्हा न उघडल्यासारखं दिसावं म्हणून त्याच रंगाचे नवे दिले. परवा फोनवर कळलं की ते माझे, आणि यांच्या हाती आयतं कोलीत आलं."

मालकाच्या कपाळावर घाम आला, पण गडी कच्चा नव्हता. "जांभळा रंग?" तो म्हणाला. "मग या बाईंच्या नखांकडे बघा. गोदाम त्यांच्याच ताब्यात असतं. आतला ठिपका जांभळा आहे हे मला त्यांनीच सांगितलं."

गोदामातल्या बाईने आपले हात पाहिले, मग मालकाकडे पाहिलं. कपाळाची आठी सुटली. आठ वर्षं ती 'मालकांना विचारा' म्हणत आली होती.

"बाटली तुमच्या खणात असते," ती म्हणाली. "किल्ल्यांना लावायला तुम्हीच आणलीत. मी उरलेली वापरते. जुडगा काढा की बाहेर."

मालक हलला नाही. मोठ्या बाईंनी नुसता हात पुढे केला. कशी कोण जाणे, त्या हाताला नाही म्हणणं कुणाला जमत नसावं. जुडगा त्यांच्या हातात आला.

भाचीने कॅमेरा खाली झुकवला आणि चित्र जवळ घेतलं. पडद्यावर किल्लीचं डोकं ताटाएवढं झालं, त्यावर जांभळा ठिपका, ठिपक्यात चमकी. शेजारी मी एक कागद धरला. चमकीचा ठिपका असलेल्या दोन स्क्रूंपैकी एक मी आदल्या दिवशीच काढून त्यावर चिकटवला होता. तोच जांभळा, तीच चमकी. कुणालाही समजावून सांगायची गरज पडली नाही. त्याच्याच दुकानातला माल त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा होता, आणि मघाचं त्याचं सगळं बोलणंही त्याच कॅमेऱ्यात टिपलं गेलं होतं.

"तो एकच नवा आहे," मधाळ अचानक म्हणाला. त्याच्या आवाजातला मध कुठल्या कुठे गेला होता. "काउंटरवरचा. गिऱ्हाईक बॅग निवडायला गेलं की मी तो आत नेतो आणि मालक दुसरा पॅक करून देतात. मला वाटायचं, तसलाच नवा देत असतील. आधी आधी वाटायचं. या वर्षात तो कॅमेरा मी अकरा वेळा विकलाय."

मला कागदाचा तो मऊ पडलेला कोपरा आठवला.

६

पुढचं विश्वस्तांनी पाहिलं. त्यांतले एक वकील निघाले आणि मालकाला तेच जास्त महागात पडलं. गोदामातल्या बाईने, मालकाने जुने कॅमेरे भरून ठेवलेली उरलेली खोकीही दाखवून दिली. दुसऱ्या दिवशी शाळेत खराखुरा नवा कॅमेरा आला, दुसऱ्या दुकानातून. भाची तो क्षणभरही हाताबाहेर जाऊ न देता मांडीवर घेऊन आली. मोठ्या बाईंनी मला तो उघडून बघायला सांगितला. मी म्हटलं, नव्या कॅमेऱ्यात माझं काय काम? नंबर ताडून पाहिले आणि परत दिला.

भाचीलाही त्यांनी सोडलं नाही. "चोरी केली नाहीस, पण खोटं बोललीस," त्या म्हणाल्या. "नोकरी आणखी तीन महिने कच्चीच राहील." भाचीने मान डोलावली. बॅग पुरावा म्हणून जमा करायची ठरली. ताईने सगळ्यांसमोर चष्मा, गोळ्या आणि बाटली बाहेर काढली, पदराने बॅगेचा आतला कप्पा पुसला आणि दिली. संध्याकाळपर्यंत तिचा चष्मा हरवला होता.

पहिला धडा चित्रित होताना मी मागच्या बाकावर बसले होते. भाची कॅमेऱ्यामागे, सर पुढे, मुलं खाली सतरंजीवर. सरांचा एक हात चित्राच्या चौकटीबाहेर जात होता आणि भाचीला ते दिसलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने मागे वळून तिला हाक मारली. म्हणजे हात हलवून लक्ष वेधलं आणि खूण केली. झाकण उघडायची नाही. बोटाचं पेर नाकावर टेकवलं.

भाचीने कॅमेरा सरकवला. चौकट बरोबर झाली. मग तिने चष्मा काढून डोळे पुसले, आणि त्या धड्यात पाच सेकंदं चित्र किंचित हललेलं आहे. ते तसंच ठेवलंय.

धडा संपल्यावर ती मुलगी माझ्याकडे बोट दाखवून इतरांशी काहीतरी बोलू लागली. बराच खल झाला. दोन मुलांचं पटत नव्हतं. शेवटी तिने डाव्या हाताचा अंगठा उभा धरला, उजव्या बोटाने त्याच्या नखावर एक ठिपका ठेवला आणि सगळ्यांनी तसंच केलं. वीस अंगठे, वीस ठिपके.

"काय म्हणतात?" मी भाचीला विचारलं, जरी मला कळलं होतं.

"तू," ती म्हणाली.

एकतीस वर्षं लोक मला नावं ठेवत आले. बाईमाणूस आणि स्क्रूड्रायव्हर, जीभ तिखट, दर जास्त. नाव ठेवलं ते या मुलांनीच. मी डावा अंगठा वर केला, त्यावर बोट टेकवलं आणि त्यांना माझं नाव नीट म्हणून दाखवलं.